गिअरबॉक्समधली टकटक

"आलं गं तुझं हेलिकॉप्टर," सासूबाई म्हणाल्या आणि जेवता जेवता छताकडे बघत राहिल्या.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हसू दाबत होता. सासूबाईंचे कान सूतगिरणीच्या खडखडाटात कधीच गेले होते. त्या ओठ वाचायच्या. आणि हेलिकॉप्टर तर अजून कारखान्यातच उभं होतं, पात्यांशिवाय. दोन माणसांचं, हलकं, डोंगरातल्या आजाऱ्याला शहरात आणता येईल असं. आराखडा सुनेचा होता. ते पहिल्यांदा उडवणार होता सासूबाईंचा मुलगा.

"कसा आहे आवाज?" तिनं सावकाश ओठ हलवत विचारलं.

"चांगला आहे. पण आत कुठंतरी टकटक आहे." त्यांनी टेबलावर बोटानं वाजवून दाखवली. दोन ठोके, मग खंड, मग एक घाईचा.

पुढं हे रोजचंच झालं. आईला तुझ्या हाताखाली नोकरी दे, असं नवरा चिडवायचा. तीही हसायची, पण ती टकटक तिच्या डोक्यातून जाईना. गिअरबॉक्समधल्या चाकाचा एखादा दात कच्चा असला की अगदी असाच आवाज येतो. तिचं काही चुकलं असलं तर ती जमिनीवर असणार होती, आणि तो वर.

पाती बसली, इंजिन जमिनीवर चालवून झालं. तिला स्वतःला काही ऐकू आलं नाही. तरी तिनं गिअरबॉक्स उघडायला लावला. मेकॅनिकनं भिंगाखाली एकेक दात तपासला आणि हात झटकले. दोषच नाही तर बदलायचं काय, असं त्याचं म्हणणं. पण ती हट्टाला पेटली होती. तिनं उड्डाण पुढं ढकललं आणि अख्खा गिअरबॉक्स नवा बसवून घेतला.

उड्डाणाच्या सकाळी नवरा दारात बूट घालत होता. सासूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आज टकटक नाही," त्या म्हणाल्या. "थांबली."

सुनेच्या जिवात जीव आला. तिनं त्यांना मिठीच मारली. सासूबाई हसल्या नाहीत. मुलाच्या पाठीवरचा हातही काढेनात. शेवटी त्यानंच तो हळूच बाजूला केला.

उड्डाण दृष्ट लागण्यासारखं झालं. यंत्र उचललं गेलं, मैदानावर घिरटी घालून एका जागी तरंगत राहिलं. कुठं थरथर नाही की हिसका नाही.

"पाण्यानं भरलेला पेला ठेवला असतास," तो वायरलेसवर म्हणाला, "तरी थेंब सांडला नसता."

मग ते अलगद उतरलं. मेकॅनिक मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दार मात्र उघडेना. लोकांना ताटकळत ठेवायची त्याला खोडच होती. ती हसत धावत गेली आणि तिनंच दार ओढलं.

तो ताठ बसला होता, पट्टा बांधलेला, नजर समोर मैदानावर. तिनं हाक मारली. मग खांदा हलवला.

इंजिन अजून संथ, एकसारखं चालू होतं. तिनं त्याच्या छातीला कान लावला. तिथं ठोकाच नव्हता.