माहेरचं माणूस

“पासपोर्टच्या अर्जावर निर्मला अन् शाळेच्या दाखल्यावर हौसा. मावशी, दोघी एकच, हे सांगणारं माहेरचं माणूस आणा,” वकील म्हणाले. “दुरुस्ती झाल्याशिवाय लेकीकडे मस्कतला कशा जाल?”

लग्नात नवऱ्यानं तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती. तिनं एकेकाला आठवून पाहिलं. आईबाप गेले, भाऊ गेला, विहिरीवरच्या मैत्रिणीही गेल्या.

“हौसा म्हणणारं कुणी उरलं नाही, साहेब.”

वकिलांनी चष्मा काढला. “बरं, तुमच्याच शपथेवर करू. बसा बाकावर.”

ती भिंतीला टेकून बसली. तासाभरानं कागद तयार झाला, तशी टायपिस्ट बाईंनी आतून हाक मारली, “हौसा कोण? हौसा!”

ती लगबगीनं उठली आणि बाहेरच्या दाराकडे वळली, माहेरचं कोण आलं ते बघायला.