कोरी राहिलेली दुकानं

“या रॅकच्या मागे बघा. जमिनीपासून हातभर वर, दगडात लोखंडी कडी असेल,” हिरामण आजोबा म्हणाले.

मोबाइलची कव्हरं विकणारा दुकानदार वैतागला. “चाचा, कितने साल से बैठा हूँ मैं इधर. कोई कडी-वडी नहीं है.”

“टांगेवाला घोडा बांधायचा तिला. सरकवून तर बघा.”

दुकानदाराने कुरकुरत रॅक ओढला. मागे, कोळिष्टकांत, गंजून काळी पडलेली कडी होती.

त्याने कडीला हात लावून बघितला. अपूर्वाने कागदावर कडीची खूण केली.

सोमवारपासून भिवंडीतल्या तांबट आळीची एक बाजू पाडायला घेणार होते, रस्ता रुंद करायला. इथे आधी काय काय होतं, याचा नकाशा कुणाकडेच नव्हता. नुकतीच भूगोलात एम.एस्सी. झालेल्या अपूर्वाने तो करायचं मनावर घेतलं. जुन्या रहिवाशांना विचारलं, तर प्रत्येकाने वेगळीच आळी सांगितली. मग कल्याणला तिच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हिरामण आजोबांशी जिन्यात सहज बोलणं निघालं. त्यांनी उभ्या उभ्या सगळी आळी म्हणून दाखवली, पाढे म्हणावेत तशी.

“येतो मी तुझ्याबरोबर,” ते म्हणाले होते. “पण हिलाही आणणार. पाडायच्या आधी हिला आळी दाखवायचीय.”

ही म्हणजे विद्युल्लता आजी. वर्षभरात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. नवऱ्याला त्या ‘पाहुणे’ म्हणायच्या.

“पाहुणे म्हण, काही म्हण,” आजोबा रिक्षात म्हणाले होते. “नुसतं एकदा नावाने हाक मारली ना तिने, तर बास झालं बघ मला.”

आळीच्या तोंडाशी ते बराच वेळ थांबले. मग उजवा पाय आधी टाकला. गुडघे दुखत असतील, असं अपूर्वाला वाटलं.

आता आजी त्यांचा हात धरून हळूहळू चालत होत्या आणि पहिल्यांदाच आल्यासारख्या इकडेतिकडे बघत होत्या. मागच्या शेडमधून पॉवरलूमचा खडखडाट येत होता.

“पाहुणे, कुठलं गाव हे?”

“भिवंडी.”

“लांब आहे हो फार.”

“हो. फार लांब,” आजोबा म्हणाले, आणि अपूर्वाकडे वळले. “लिही. इथे पिठाची गिरणी. तिची पायरी मधोमध खचलेली. तिच्यापुढे फुलवाली बसायची, अबोलीचे गजरे झाकणाच्या डब्यात ठेवायची.”

“आणि गिरणीच्या शेजारी?”

“केस कापायचं दुकान. दाराला हिरवा पडदा.”

“आत काय होतं? किती खुर्च्या?”

“आतलं नाही ठाऊक.”

समोरच्या चहाच्या हॉटेलचंही तसंच. पाटीचा रंग माहीत, आतलं काही नाही. तालीम तर फक्त भिंतीपुरती. अपूर्वाने नकाशावर त्या चौकटी कोऱ्या सोडल्या. घरचं वळण कडक असणार, पोराला कुठे जाऊ देत नसतील, असं तिने ठरवलं. बाकी एकेक तपशील जुळत होता. इतकं अचूक आठवणारं माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं.

“आजोबा, लक्षात कसं राहतं हो एवढं?”

“उजळणी. लग्न झाल्यापासून रोज, जेवणं झाली की आमची आळी सुरू. आता मी एकटाच म्हणतो.”

आळीच्या शेवटी एक बांगड्यांचं दुकान तेवढं टिकून होतं. ओट्यावर ठकुबाई कासारीण बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र शाबूत. अपूर्वाने तिला नकाशा वाचून दाखवला.

“अगो बाय! खचलेली पायरी पन हाय का त्यात?” तिने गालाला हात लावला. “सगलं बरोबर हाय. कोनी सांगितलान?”

“या आजोबांनी.”

ठकुबाईने मान पुढे काढून डोळे बारीक केले. “कोनाचे रं तुमी? आलीतला पोरगा न् पोरगा ठावं हाय मला. तुमी न्हाय वलखू येत.”

आजोबा घामाघूम झाले होते. “ते राहू द्या. हिला बांगड्या भरता?”

“भरते की. काय फुकट भरायच्या हायेत?”

तिने आजींचा हात हातात घेतला. आजींचा अंगठा आपोआप तळव्यात दुमडला, बोटं एकत्र आली. ठकुबाई थांबली. अंगठ्याच्या हाडावरून तिने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“ह्या हाडाने माझ्या किती काचा फोडल्या,” ती पुटपुटली. “कासार हात इसरत न्हाय. इदू! पोस्टमास्तरांची इदू ना गो तू?”

अपूर्वाची नजर नकाशावरच्या कोऱ्या चौकटींवर गेली: केस कापायचं दुकान, चहाचं हॉटेल, तालीम.

“ठकू, हळू गं,” आजी म्हणाल्या. “मागच्या वेळी रक्त काढलंस.”

आजोबा ओट्याच्या कडेला टेकले. आजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. मग एकाएकी घाबरून त्यांनी कोपऱ्यावरच्या, पोस्टमास्तरांच्या बंद घराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“हिरामण! अरे, तू इथे कशाला आलास? बाबांनी शपथ घातलीय ना तुला, जन्मात या आळीत पाऊल टाकायचं नाही म्हणून?”

“पाळली की,” आजोबा म्हणाले. “आज सकाळपर्यंत पाळली.”