सून आणि पुडी

फडताळातली नारळाच्या दुधाच्या पावडरची पुडी खानोलकरबाईंनी दोन बोटांत उचलली, मेलेली पाल उचलावी तशी. मुलासाठी मला बघायला आलेल्या या बाई बैठकीतून उठून थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या.

"हे असलं आमच्याकडे चालत नाही. सोलकढीला ताज्या नारळाचंच दूध लागतं, आमटीला ताजं वाटण. तुला खोबरं खवता तरी येतं का गं?"

आईने घाईघाईने नारळ फोडला. मी मुकाट्याने विळीवर बसले आणि अख्खी वाटी खवून दाखवली. करवंटीचा एक काळा कण पडू दिला नाही.

"हात बरा आहे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे दोन्ही वेळेला खवावं लागतं."

"मग दुसरी वाटी यांना खवू दे." मी विळी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे सरकवली. तो आपल्या आईच्या तोंडाकडे बघू लागला.

"आमच्यात पुरुष विळीला हात लावत नाहीत!"

बाईंनी ओट्यावर टाकलेली पुडी मी उचलली आणि त्यांच्या त्याच दोन बोटांत दिली.

"मग हीच घेऊन जा. कोमट पाण्यात कालवली की झालं दूध. सून लागत नाही."