दहापैकी दहा

"अठ्ठ्याहत्तर वर्षं श्वास घेतोय, कुठल्या डिग्रीवाचून अडलं नाही," निवृत्त मुख्याध्यापक टेंभुर्णे गुरुजी पहिल्याच दिवशी गुरगुरले.

वृद्धाश्रमातल्या लोखंडे सिस्टर हसल्या. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्या वीस म्हाताऱ्यांकडून महिनाभर श्वासाचे व्यायाम करून घेणार होत्या. 'मन किती प्रसन्न?' याला प्रत्येकानं आधी आणि नंतर दहापैकी गुण द्यायचे होते.

"पण चाळिशीत कशाला हा उपद्व्याप?"

"पास झाले की कॉलेजात शिकवायला जाईन, गुरुजी. पेशंट उचलून कंबर गेली."

"वा! म्हाताऱ्यांवर अभ्यास करायचा, तो म्हाताऱ्यांच्या तावडीतून सुटायला!" असं म्हणत गुरुजी, कधी नव्हे ते, स्वतः व्हरांड्यात बसलेल्यांना फॉर्म वाटायला उठले.

महिनाभर सगळ्यांनी इमानेइतबारे नाकपुड्या दाबल्या. शेवटचे फॉर्म तपासताना सिस्टरांचा चेहरा पडला.

"आज सगळ्यांचे दहा. पण पहिल्या दिवशीही सगळ्यांचे दहाच! सुधारणा शून्य. सगळं पुन्हा करावं लागणार."

"अरेरे!" गुरुजी हळहळले. आयुष्यभर कॉप्या पकडणाऱ्या त्या माणसानं महिन्यापूर्वी फॉर्म वाटता वाटता अख्ख्या व्हरांड्याला उत्तर सांगितलं होतं.

"मग, उद्या किती वाजता बसायचं?"