दहा मिनिटांची मुलाखत

सरकारी शाळांसाठी सुरू झालेल्या ऑनलाइन गणितवर्गात प्रत्येक शाळेतून एकालाच जागा होती. शाळेतल्या बाईंनी ज्या मुलीचं नाव पाठवलं तिचा गणितात हात धरणारं कोणी नव्हतं, पण बोलताना ती अडखळायची. प्रवेशाची मुलाखत दहाच मिनिटांची, तीही ऑनलाइन. बाई तिच्या शेजारीच बसल्या. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी तिने सोडवलेलं गणित पडद्यावर दाखवून विचारलं, “हे उत्तर कसं काढलंस?” “आ-आधी मी...” पुढचा शब्द घशातच अडकला. मिनिटामागून मिनिट गेलं. निदान पोरीची शोभा थांबावी म्हणून माइक बंद करायला बाईंनी माउसकडे हात नेला. मुलीने तो हात अलगद बाजूला सारला. “वेळ संपला, बाळ,” मॅडम म्हणाल्या. मुलगी खुर्चीत पुढे सरकली. “मा-माझं उत्तर संपलं नाही, मॅडम.” बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मॅडमनी समोरचं घड्याळ पालथं ठेवलं. “मग सांग,” त्या म्हणाल्या, “मला घाई नाही.”