कोणाची गं तू?

मुकुंदवाडीच्या शाळेत गोष्टींची स्पर्धा रंगली होती. सरितानं रचलेली गोष्ट तिची लेक खारुताई बनून ठसक्यात सांगत होती. गोष्टीत हौदावरचा हत्ती खारुताईला दरडावतो, "कोणाची गं तू?" "मी तहानेची!" हत्ती वरमतो आणि हौद सगळ्यांना मोकळा होतो. "तात्पर्य, तहानेला जात नसते," लेक म्हणाली आणि टाळ्या थांबेनात. पाहुणे नानासाहेब तर विरघळलेच. बक्षीस म्हणून खिशातलं सोनेरी पेन काढत त्यांनी विचारलं, "कोणाची गं तू?" "मी तहानेची!" सगळे हसले. "तसं नाय बाळा, आडनाव सांग." तिनं खणखणीत सांगितलं, तसंच सांगायला आईनं शिकवलं होतं. पेन हळूच खिशात परतलं. "बक्षीस शाळा देईल हां." घरी जाताना लेकीनं विचारलं, "आई, तात्पर्य चुकलं का माझं?" "नाय गं. हत्ती वरमतो असं लिहिलं, तिथं मीच चुकले."