पुढचा लिव्हर तिचा

आमच्या जीपला गिअरशेजारी आणखी दोन लिव्हर आहेत. एक मागच्या चाकांना ताकद देतो, दुसरा पुढच्यांना. मागचा माझा, पुढचा बायकोचा. चिखलात रुतलो की मी ओरडायचो, "ओढ गं!"

"अहो, ओढलाय केव्हाच!"

माझ्या लिव्हरला मात्र तिनं कधी हात लावला नाही. संसार त्यावरच टिकला.

ती गेली. काल मी जीप विकायला नेली. गॅरेजच्या फाटकातच इंजिन नुसतं ओरडत राहिलं, चाकं हलेनात.

"काका, दोन्ही लिव्हर न्यूट्रलला आहेत," जीप घेणारा मेकॅनिक खिडकीतून डोकावून म्हणाला.

मी माझा टाकला. लिव्हर हळूच परत न्यूट्रलला आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला.

"अगं, मी एकटा ही जीप ठेवून काय करू?" मी पुटपुटलो आणि शेवटी हार मानून घराकडे वळायला रिव्हर्स टाकला.

दोन्ही लिव्हर आपणहून खटकन बसले.